बांध कोणी राखायचा? कोकण किनाऱ्याच्या संरक्षणाची पार्श्वभूमी

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य आपण शाळेत पाठ केले. केंद्र सरकारच्या जुन्या नोंदींत मात्र हीच लांबी ६५२.६ किलोमीटर होती आणि अलीकडे देशाच्या किनाऱ्याची फेरमोजणी झाली तेव्हा ती ८७७.९७ किलोमीटर भरली. त्याच मोजणीत भारताचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरवर गेला. किनारा काही वाढला नाही. पूर्वी ढोबळ नकाशावर मोजला होता, आता अधिक बारकाईच्या नकाशावर मोजला, त्यामुळे खाड्यांची वळणे आणि खाचाखोचा हिशेबात आल्या. या आकड्यांची आठवण सुरुवातीलाच करून द्यावीशी वाटते, कारण किनारा राखण्याच्या सरकारी प्रयत्नांचा इतिहासही असाच आहे. प्रत्येक खात्याने आपापल्या फूटपट्टीने किनारा पाहिला. महसूल खात्याला जमीन दिसली, बांधकाम करणाऱ्यांना भिंत घालण्याची जागा दिसली, पर्यावरण खात्याला भरतीरेषा दिसली आणि वन खात्याला बऱ्याच उशिरा झाडे दिसली. बांध घातल्यानंतर तो रोज राखायचा कोणी, हा प्रश्न मात्र कोणाच्याच फूटपट्टीत बसला नाही.

पुण्यात बसून कोकण किनाऱ्याविषयी लिहिण्याला तसे कारण आहे. ताम्हिणी किंवा वरंधा उतरून शनिवार-रविवार समुद्रावर जाणारे पुणेकर पुष्कळ आहेत, पण नाते तेवढ्यापुरते नाही. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरते आणि कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला मिळते, म्हणजे आपल्या खोऱ्यातले पाणी त्या खाडीत जाते. शिवाय या किनाऱ्याचे कितीतरी बंधारे आधी पुण्याजवळ तपासले गेले आणि त्याविषयीचे कितीतरी वाद पुढे पुण्यातच सुनावणीला आले.

किनाऱ्यावरचा सर्वांत जुना संघटित प्रयत्न सरकारचा नव्हता. रायगडच्या पेण आणि अलिबाग तालुक्यांत, धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना जो खारेपाट पसरला आहे, तो माणसांनी समुद्राकडून मागून घेतलेला आहे. उधाणाचे पाणी आत येणार नाही एवढ्या उंचीचा मातीचा बांध घालायचा, आतल्या जमिनीतले मीठ दोन-तीन पावसाळे धुऊ द्यायचे आणि मग खारेपणा सोसणाऱ्या भाताचे बी टाकायचे, अशी ती रीत होती. असे बांध घालून जमीन लागवडीखाली आणणाऱ्यांना शिलोत्री म्हणत. बांध घालणे आणि पुढे त्याची डागडुजी करत राहणे या बदल्यात त्यांना शेतकऱ्यांकडून ठरावीक वाटा मिळत असे. ही व्यवस्था न्याय्यच होती असे मुळीच नाही. याच भागात चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा संप झाला आणि तो काही वर्षे चालला, यावरून कुळांचे हाल किती होते ते कळते. पण बांधापुरते पाहिले तर जबाबदारी कोणाची, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

या बांधाचा जीव उघाडीत असतो. बांधाच्या पोटात पाणी जाण्यासाठी वाट ठेवलेली असते आणि तिच्या समुद्राकडच्या तोंडावर, वरच्या कडेला टांगलेली फळ्यांची झडप असते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते; भरती आली की समुद्राचे पाणीच ती झडप दाबून बंद करते. दिवसातून दोनदा, कोणी हात न लावता हे काम चालते. मात्र झडपेत एखादा ओंडका अडकला, एखादी फळी कुजली किंवा बांधाला खेकड्यांची बिळे पडून त्यांतून पाणी झिरपू लागले, तर पुढच्या उधाणाला खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडायला एक रात्र पुरते. एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे भात हाती लागत नाही. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधावर फेरी मारणारा माणूस हाच या योजनेचा खरा आधार होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा केला आणि या कामासाठी मंडळ स्थापन झाले. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम आला. खोती गेली, कुळे मालक झाली आणि ज्या बांधांच्या योजना सरकारने स्वीकारल्या ते बांध सरकारी झाले. हेतू चांगला होता. एकट्यादुकट्या शेतकऱ्याला न पेलणारा खर्च राज्याने उचलायचा, यात गैर काही नाही. परंतु बांधाबरोबर त्यावरची पाळत सरकारकडे आली नाही, येणे शक्यही नव्हते. खांड लहान असताना चार माणसांच्या फावड्यांनी बुजते. तिचे अंदाजपत्रक होऊन मंजुरी येईपर्यंत एक-दोन पावसाळे जातात आणि तेवढ्यात ती कित्येक मीटर रुंद होते. नवीन बांधासाठी निधी मिळतो, देखभालीसाठी तो नेहमी अपुरा पडतो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत किनाऱ्यावर जे जे घडले त्याच्या मुळाशी मला ही गोष्ट दिसते.

खाडीच्या आत मातीचा बांध, तर उघड्या समुद्रासमोर दगडाचा. गावोगावी मागणी होत असलेला ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ तो हाच. त्याच्या रचनेचे शास्त्र बऱ्याच अंशी पुण्याजवळ घडले. मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी जो विभाग काढला, त्यातूनच खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र वाढले. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या त्या आवारात देशातल्या बंदरांच्या आणि खाड्यांच्या लहान प्रतिकृती बांधल्या जातात. बंधाऱ्याची चाचणी बारकाईने पाहण्यासारखी असते. लांब पन्हळीच्या एका टोकाला फळी पुढेमागे हलवून लाटा उठवतात, दुसऱ्या टोकाला मुठीत मावतील असे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, एकेक करून रचतात आणि पावसाळ्यातल्या मोठ्यात मोठ्या लाटेच्या प्रमाणात लाटा सोडून किती तुकडे जागचे हलले ते मोजतात. दगड किती टनांचा हवा, उतार किती हवा, पायथा किती खोल न्यावा, याची उत्तरे तिथून मिळतात.

अडचण अशी की भिंत टिकली म्हणून किनारा टिकतो असे नाही. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या उंच लाटा जून ते सप्टेंबरात पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात थोड्या अंतरावर तिचे दांडे रचतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. हा दरवर्षीचा देवघेवीचा व्यवहार आहे. पुळणीच्या माथ्यावर दगडी भिंत उभी राहिली की लाट तिच्यावर आपटून मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. वाळू गेली की पायथा उघडा पडतो, दगड खाली सरकतात आणि बंधारा खचतो. भिंत जिथे संपते तिथे धूप वाढते. मग शेजारच्या वाडीची मागणी येते आणि पुढचा बंधारा मंजूर होतो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्याला वर्षानुवर्षे पावसाळ्यात पडणारी भगदाडे हे याचे ठळक उदाहरण आहे. वाडीतल्या लोकांना मी दोष देणार नाही. परसातला माड मुळासकट समुद्रात जाताना पाहणाऱ्याने भिंत मागितली नाही तर काय मागावे?

वेगळा मार्ग सुचला नव्हता असेही नाही. आशियाई विकास बँकेच्या मदतीने २०१० मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकासाठी शाश्वत किनारा संरक्षणाचा कार्यक्रम मंजूर झाला आणि पहिल्या टप्प्यात मिऱ्या आणि मंगळूरजवळचे उळ्ळाल ही ठिकाणे निवडली गेली. पाण्याखाली कृत्रिम खडक रचून लाटेचा जोर किनाऱ्यापासून दूरच मोडायचा आणि पुळणीवर वाळू भरायची, असा त्याचा गाभा होता. त्यानंतरही मिऱ्याला काम निघाले ते पुन्हा दगड आणि टेट्रापॉडच्या मोठ्या बंधाऱ्याचेच.

कायद्याची बाजू याहून अलीकडची आहे. इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. दहा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र ठरले. राज्यांनी व्यवस्थापन आराखडे वेळेत केले नाहीत म्हणून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, आणि दरम्यान अधिसूचनेत दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या होत राहिल्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्या असेल तिथे, ना-विकास क्षेत्र ५० मीटरवर आणले. घर दुरुस्त करतानाही कागदासाठी खेटे घालणाऱ्या कोळीवाड्यांची अडचण खरी होती आणि सवलतीची गरजही खरी होती. पण तीच सवलत जमिनीचा व्यवहार करणाऱ्यांनाही मिळाली, हे नाकारता येत नाही.

नियम मोडल्याच्या तक्रारी २०१३ पासून पुण्यात येऊ लागल्या, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ इथे सुरू झाले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील प्रकरणे कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत चालू लागली आणि सिंधुदुर्गातल्या मच्छीमाराला आपल्या पुळणीचा प्रश्न मांडण्यासाठी घाट चढून पुण्यापर्यंत यावे लागू लागले.

कांदळवनाकडे पाहण्याची दृष्टी सर्वांत उशिरा बदलली. तिवर आणि चिपी ही सरपणाची झाडे आणि ती उभी असलेली जमीन पडीक, असेच सरकारी दप्तर दीर्घकाळ मानत आले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांची तोड थांबवण्याचा आणि त्यांच्याभोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम न करण्याचा आदेश दिला. सरकारी जमिनीवरील कांदळवने वन खात्याकडे सोपवण्याची प्रक्रियाही त्यातूनच सुरू झाली. जानेवारी २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१५ मध्ये त्याला जोडून प्रतिष्ठान उभे राहिले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवन २०१३ मधील १८६ चौरस किलोमीटरवरून २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटर झाले. यात लागवडीइतकाच वाटा निसर्गतः झालेल्या वाढीचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला, तर ५ जून २०२३ रोजी केंद्राची ‘मिष्टी’ योजना सुरू झाली. पाच वर्षांत देशभर सुमारे ५४० चौरस किलोमीटरवर कांदळवन राखण्याचे व वाढवण्याचे तिचे लक्ष्य आहे. कांदळवन कक्षाच्या कामात लोकांच्या पोटापाण्याचा विचार आहे, ही मला विशेष मोलाची बाब वाटते. वेंगुर्ल्यात बचतगटाच्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. त्या झाडांवर त्यांचे लक्ष राहते ते परिपत्रकामुळे नव्हे.

उघड्या पुळणींवर सामाजिक वनीकरणाच्या काळात सुरूची बने लावली गेली. ती वाऱ्याला आडोसा देतात आणि पुणेकरांच्या छायाचित्रांत हमखास असतात. पण वाळू धरून ठेवण्याचे काम पूर्वापार करत आली ती मर्यादवेल. जांभळ्या फुलांची ही वेल भरतीच्या वर वाळूवर पसरते, पेरापेरातून मुळे सोडते आणि उडणारी वाळू तिच्याभोवती साचून टेकडी तयार होते. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून मर्यादवेल. रावणाच्या मिशा हे काटेरी गवतही तेच काम करते आणि त्यांच्या मागे केवडा आणि उंडी उभी राहतात. पुळणीवर गाड्या आल्या, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आल्या, तेव्हा पहिली गेली ती ही वेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्या दिवशी पुण्यातही झाडे उन्मळली. श्रीवर्धन-दिवेआगर भागात तर नारळी-पोफळीच्या बागा आणि सुरूची बने आडवी झाली. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. कोकणात एरवी अपवाद मानले जाणारे वादळ आता आराखड्यात धरावे लागते.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह छायाचित्रे तपासली, तेव्हा महाराष्ट्राच्या सुमारे ७३९ किलोमीटर किनाऱ्यापैकी १८८ किलोमीटर, म्हणजे पाव हिस्सा, धूप होत असलेला आढळला. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांवर, तर केरळात ४६ टक्क्यांच्या आसपास आहे. सह्याद्रीचे काळे कातळ समुद्रापर्यंत पोहोचल्यामुळे आपल्या किनाऱ्याला मूळचा आधार आहे. धूप होते ती दोन कातळांमधल्या पुळणींची आणि खाड्यांच्या मुखांची, आणि वस्ती, बागा व होड्या नेमक्या तिथेच आहेत.

आज सर्वांत अवघड गुंता मात्र पुन्हा खारेपाटातच आहे. जिथे बांधाची खांड वेळेवर बुजली नाही, तिथे भरतीचे पाणी रोज आत-बाहेर करू लागले आणि पाण्याबरोबर आलेल्या बियांनी चिखलात मूळ धरले. काही वर्षांत भातशेतीचे कांदळवन झाले. आता बांध पुन्हा घालून जमीन कोरडी करायची म्हटले तर ती झाडे मरतात, आणि झाडांना न्यायालयाचे व सीआरझेडचे संरक्षण आहे. खारभूमी विभागाच्या दृष्टीने ती दुरुस्तीअभावी रखडलेली योजना आहे, कांदळवन कक्षाच्या दृष्टीने राखायचे जंगल. सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याचे नाव आहे, पिकाच्या रकान्यात पड असा शेरा आहे, आणि ज्या जागी त्याच्या वडिलांनी उघाडीच्या फळ्या बदलल्या होत्या तिथे डोक्यापेक्षा उंच तिवरांमधून दिवसातून दोनदा खाडी आत येते.