झाडाची दिशा राखते ती न कापलेली पट्टी

मोठं झाड पाडताना बघ्यांचं लक्ष करवतीकडे असतं. झाडाला वळण देते ती मात्र बुंध्यात मुद्दाम शिल्लक ठेवलेली लाकडाची पट्टी.

झाड जिकडे पाडायचं, त्या बाजूने आधी खाच घेतात; खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी. मग मागून काप घेतात, पण तो खाचेला भिडू देत नाहीत. मधे व्यासाच्या साधारण दहावा भाग जाडीची पट्टी राखतात; ५० सेंमी बुंध्यात ५ सेंमी. हीच झाडाची बिजागरी. ओल्या लाकडाचे उभे तंतू तुटण्याआधी बरेच वाकतात, त्यामुळे झाड या पट्टीवर वळत खाचेच्या दिशेने खाली येतं. पट्टी एका टोकाला जाड राहिली, तर झाड तिकडे ओढलं जातं. वाळलेल्या किंवा पोखरलेल्या झाडात तंतू वाकतच नाहीत, म्हणून तिथे या बिजागरीवर भिस्त ठेवता येत नाही.

खाच ४५ अंशांची असेल तर झाड अर्ध्यावर असतानाच तिच्या कडा एकमेकींना टेकतात आणि पट्टी तुटते. ७० अंशांहून रुंद खाच पकड बरीच खालपर्यंत टिकवते.

तारांसाठी एका बाजूच्या फांद्या छाटलेल्या झाडाचा तोल दुसरीकडे गेलेला असतो. असं किंचित मागे कललेलं झाड पाचरीने सरळ करता येतं. पट्टीपासून ४० सेंमी मागे पाचर ठोकून काप १ सेंमी उघडला, तर २० मीटर उंच झाडाचा शेंडा सुमारे ५० सेंमी पुढे सरकतो! कल जास्त असेल तर पाचर पुरत नाही. उंचावर दोर बांधून ओढावं लागतं.

पुढे झुकलेलं झाड सोपं वाटतं, पण मला तेच अधिक भीतीदायक वाटतं. मागचा काप पुरा होण्याआधीच ताणाने बुंधा उभा चिरतो आणि मागचा भाग उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतो. म्हणून जाणकार करवतीचं पातं बुंध्यात आरपार घालून आधी पट्टी तयार करतात आणि मागचं लाकूड सर्वांत शेवटी सोडतात.

करवत सुरू करण्याआधी मागे तिरकी, मोकळी पळवाट हवी. बाकीच्यांनी झाडाच्या दुप्पट उंचीइतकं दूर राहावं. एवढी जागाच नसेल, तर प्रशिक्षित माणसांकडून झाड शेंड्यापासून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घ्यावं.