गव्हाणीपाशी तीन राजे आले होते का?

नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी गोठा मांडायची लगबग सुरू होते, आणि बाळ येशूच्या गव्हाणीशेजारी उंटांसकट तीन राजेही ठेवले जातात. त्यामुळे ते ख्रिस्तजन्माच्या रात्रीच आले, असा समज पक्का झाला आहे. बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे शुभवर्तमानात, तसं नाही.

लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात त्या रात्री येतात ते मेंढपाळ. पूर्वेकडचे पाहुणे फक्त मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात भेटतात. तिथे ते ‘मागी’ आहेत, म्हणजे तारे वाचणारे ज्ञानी. राजे नव्हेत. ते किती जण होते हेही दिलेलं नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ‘तीन’ ठरले. पूर्वेकडच्या काही सिरियन परंपरा तर बारा मानतात. राजेपण आलं ते बायबलच्या जुन्या करारातल्या स्तोत्र ७२ आणि यशया ६० मधल्या, भेटी घेऊन येणाऱ्या राजांच्या वर्णनावरून. कॅस्पर, मेल्कियोर, बाल्थाझार ही नावंही नंतरचीच.

मागी ‘घरात’ गेले आणि त्यांना ‘बालक’ दिसलं, असं मत्तय लिहितो. तिथल्या राजा हेरोदाने तर दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारायचा हुकूम काढला, तोही मागींकडून नीट विचारून घेतलेल्या काळावरून. म्हणजे मध्ये बराच काळ गेला असावा.

चर्चने त्यांचा सण वेगळाच ठेवला आहे: ६ जानेवारी. गोव्यात कासावलीजवळच्या कुएलीच्या टेकडीवर त्या दिवशी राजांच्या वेशातले तीन मुलगे घोड्यांवरून येतात.

म्हणून गोठ्यातून राजांच्या मूर्ती काढून टाकायची मुळीच गरज नाही. काही घरांत या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोड्या पुढे सरकवतात. मला ही रीत फार आवडते; मुलांना वाट पाहणं त्यातून आपसूक कळतं.