बातम्यांची पट्टी आणि सेकंदाला ५० फ्रेम

‘माणसाच्या डोळ्याला सेकंदाला २४ चित्रंच दिसतात, मग ६० फ्रेमचा व्हिडिओ कशाला?’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. २४ हा आकडा डोळ्याचा नाही, बोलपटांचा आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आवाज फिल्मवर आला, तेव्हा तो वेग ठरला. एवढ्या चित्रांत हालचालीचा भास होतो, पण लुकलुक जात नाही. म्हणून प्रोजेक्टरची झडप प्रत्येक चित्र दोन-तीनदा दाखवते.

फरक पाहायचा तर वृत्तवाहिनीच्या तळाशी सरकणारी पट्टी बघा. ती सेकंदाला ३०० पिक्सेल सरकते असं धरू. वाचताना डोळा अक्षरांबरोबर सलग, न थांबता फिरतो. पडदा मात्र एक फ्रेम दाखवतो आणि पुढची येईपर्यंत तेच चित्र जागच्या जागी धरून ठेवतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत ही मुदत ४० मिलिसेकंद. तेवढ्यात नजर १२ पिक्सेल पुढे गेलेली असते आणि चित्र मागेच असतं, म्हणून दृष्टिपटलावर ते १२ पिक्सेल पुसटतं. अनुस्वाराचा ठिपका सहा पिक्सेलचा असेल तर त्याची रेघ होते. व्हिडिओ थांबवून पाहा: अक्षर स्वच्छ! पुसटपणा व्हिडिओत नव्हताच, डोळ्यात तयार होत होता. ५० फ्रेमला तो सहा पिक्सेलवर येतो. पडदा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र रंगवणारा असला तरी २५ फ्रेमच्या व्हिडिओला उपयोग नाही, कारण तो तेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवतो आणि मुदत ४० मिलिसेकंदच राहते.

म्हणूनच स्थिर बसून बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओला २५ फ्रेम पुरतात. क्रिकेटला पुरत नाहीत. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. २५ फ्रेमला दोन चित्रांमधलं अंतर दीड मीटरहून जास्त, ५० ला पाऊण मीटरच्या आसपास.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं, तर अनेक फोन-लॅपटॉपचे पडदे ६० हर्ट्झचे. पाच फ्रेम सहा वेळांत बसवायच्या, म्हणून दर पाचातली एक दुप्पट वेळ थांबते. सेकंदाला दहा बारीक हिसके! कॅमेरा मैदानावरून आडवा फिरतो तेव्हा ते स्पष्ट जाणवतात. दूरदर्शनच्या जुन्या सामन्यांचं तर नुकसानच झालं आहे. त्या चित्रणात फ्रेम २५, पण प्रत्येकीत एकाआड एक ओळींचे दोन अर्धे, वेगवेगळ्या क्षणी टिपलेले. म्हणजे हालचालीचे नमुने ५०. नेटवर चढवताना दोन अर्ध्यांची एक फ्रेम केली की निम्मी हालचाल कायमची जाते. प्रत्येक अर्ध्याची स्वतंत्र फ्रेम करायला हवी.

टीव्हीच्या खोक्यावरच्या ‘मोशन’ आकड्यांना भुलू नका. ते बहुतेकदा संगणकाने कल्पून घातलेल्या मधल्या फ्रेमचे असतात आणि बॅटच्या कडेभोवती चित्र वितळल्यासारखं दिसतं.

यूट्यूबवर ६० फ्रेम २०१४ पासून मिळतात, पण ७२०पी आणि त्यावरच. ४८०पीला निम्म्या होतात. १०८०पी चढवताना ३० फ्रेमला ८ आणि ६० ला १२ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट डेटा) सुचवलेले आहेत. दुप्पट लागत नाहीत, कारण शेजारच्या फ्रेममधला फरकच कमी असतो. जुना फोन अडखळत असेल तर यूट्यूबची ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ ही तांत्रिक माहितीची चौकट उघडून गळालेल्या फ्रेमचा आकडा पाहा. तो वाढत राहिला तर ४८०पीवर या: ३० नियमित फ्रेम ६० तुटक फ्रेमपेक्षा डोळ्याला सुखाच्या.