‘कायम’ हा शब्द आला कुठून? विनाअनुदानित शाळांच्या वादाची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये राज्यभरातले अंशतः अनुदानित (पगाराचा काही टक्केच भाग शासन देते अशा) शाळांचे शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर जमले, तेव्हा ते नवे काही मागत नव्हते. वाढीव टप्प्याचा, म्हणजे अनुदानाची टक्केवारी आणखी वाढवण्याचा, शासन निर्णय १४ ऑक्टोबर २०२४ रोजीच निघाला होता. फक्त निधीची तरतूद झाली नव्हती. निर्णय हातात आणि पगार मात्र जुनाच, ही या शिक्षकांची पहिली वेळ नव्हती. याचे मूळ त्यांच्या शाळांवर एकेकाळी बसलेल्या ‘कायम विनाअनुदानित’ या शिक्क्यात आहे.

सरकारी पैसा आणि सरकारी तपासणी यांची जोडी आपल्याकडे १८५४ पासूनची आहे. त्या वर्षीच्या शिक्षणविषयक ब्रिटिश धोरणपत्राने, म्हणजे वुडच्या खलित्याने, खासगी शाळांना अनुदान द्यायचे ठरले आणि त्यासोबत तपासनीसही आले. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या प्राथमिक शाळेवर होत नाही, हे स्पष्ट मांडले. स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी संस्थांनी उचलला आणि मान्यताप्राप्त शाळांच्या पगाराचा भार हळूहळू शासनाने घेतला. तोवरचा अलिखित करार साधा होता: नियम सरकारचे, पगारही सरकारचा.

१९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा याच काळातला. शिक्षकाला मनमानी पद्धतीने काढून टाकता येऊ नये, म्हणून तो आला. पुढच्या सगळ्या गुंत्यासाठी त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा कायदा मान्यताप्राप्त खासगी शाळेला लागू होतो, मग तिला अनुदान असो वा नसो. म्हणजे विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकालाही नियमाप्रमाणे वेतनश्रेणी मिळायला हवी. ती कुठून द्यायची, याची चिंता संस्थेने करायची.

नव्या शाळा आधीही विनाअनुदान तत्त्वावर सुरू होत. पण पहिली काही वर्षे काढली की टप्प्याटप्प्याने अनुदान मिळणार, हे गृहीत असे. नोव्हेंबर २००१ मध्ये शासनाने हा दरवाजा बंद केला. यापुढे नव्या शाळांना परवानगी मिळेल ती ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर, असे ठरले. पाचव्या वेतन आयोगानंतर पगाराचा बोजा वाढला होता, तिजोरीत खडखडाट होता. शासनाची अडचण खरी होती, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच शासनाने खेडोपाडी, तांड्यांवर, वस्त्यांवर मराठी माध्यमाच्या शाळांना याच तत्त्वावर परवानग्या देणे चालू ठेवले. ज्या गावात पालक वहीचे पैसे जेमतेम देतो, तिथे शाळा फीवर चालणार कशी, हा प्रश्न परवानगी देतानाच विचारायला हवा होता.

या ‘कायम’ शब्दाचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. शासनाच्या लेखी त्याचा अर्थ होता पैशाची जबाबदारी कधीच नाही. बऱ्याच संस्थाचालकांनी तो ‘सध्या नाही’ असा वाचला, आणि उमेदवारालाही तसेच सांगितले: चार-पाच वर्षे कळ काढा, मग पगार सुरू होईल. मात्र नियंत्रण तसूभरही कमी झाले नाही. संचमान्यता (पटानुसार शिक्षकपदांची मंजुरी) शासनाची, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) शासनाची, अभ्यासक्रम शासनाचा, शिक्षकाची वैयक्तिक मान्यताही शिक्षणाधिकाऱ्याच्या सहीची. या शाळांतल्या शिक्षकांच्या फायली पाहिल्या तर हे मान्यतेचे पत्र प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले दिसते. त्यावर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, नियुक्तीची तारीख आहे. फक्त त्याच्या जोरावर कुठूनही पगार निघत नाही. ‘शून्य पगारी’ हा शब्द याच शिक्षकांनी स्वतःसाठी रूढ केला.

आंदोलने वाढली आणि २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द वगळला. त्या दिवशी अनेक गावांत पेढे वाटले गेले असतील, तर ते समजण्यासारखे आहे. पण शब्द गेला म्हणजे अनुदान आले, असे झाले नाही. शाळा आता ‘विनाअनुदानित’ झाल्या, म्हणजे अनुदान मागण्यास पात्र झाल्या. पात्रता ठरवायला मूल्यांकनाचे निकष आले ते नोव्हेंबर २०११ मध्ये. मग तपासण्या, त्रुटी, त्रुटींची पूर्तता, पुन्हा तपासणी. निकषात बसून यादी जाहीर झालेल्या त्या ‘घोषित’, राहिलेल्या त्या ‘अघोषित’. प्रत्यक्ष २० टक्के अनुदानाचा शासन निर्णय निघायला सप्टेंबर २०१६ उजाडले. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच औरंगाबादेत मंत्रिमंडळाच्या बैठकीवर गेलेल्या शिक्षकांच्या मोर्चावर लाठीमार झाला. पुढे २० चे ४०, ४० चे ६० करायला प्रत्येक वेळी नवा निर्णय, नव्या अटी आणि नवे आंदोलन लागले. अनुदान टप्प्याने द्यायचे तर पुढच्या टप्प्यांच्या तारखा पहिल्याच निर्णयात का बांधल्या नाहीत, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही पक्षाच्या सरकारने दिलेले नाही. या काळात सत्तेवर जवळपास सगळेच येऊन गेले.

दरम्यान शासनाने दुसरी वाट काढली होती. स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने २०१३ पासून नव्या शाळा स्वतःच्या पैशावर काढायच्या, असे ठरले. त्यामुळे एकाच तालुक्यात अनुदानित, अंशतः अनुदानित, अघोषित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशा चार प्रकारच्या खासगी शाळा नांदू लागल्या. फीचे नियमन करणारा कायदा २०११ चा. तो मुख्यतः शहरी पालकांच्या कामाचा, त्यामुळे वर्तमानपत्रांत जागाही त्यालाच जास्त मिळाली.

व्याख्यांचा हा खेळ शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांपर्यंत पोहोचला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्दच केला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. गरीब मुलांना जवळची अनुदानित शाळा दाखवायची आणि त्याच अनुदानाचा हात आखडता घ्यायचा, हे एकाच खात्याचे धोरण होते.

२०२५ मध्येच नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे (शिक्षकाचा पगार ज्या ऑनलाइन ओळख क्रमांकावर निघतो, तो खोटेपणाने मिळवल्याचे) प्रकरण उघडकीस आले. त्याने खऱ्या शिक्षकांचे मोठे नुकसान केले. वीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्यांकडेही आता संशयाने पाहिले जाते, त्यांचीच कागदपत्रे पुन्हा मागवली जातात.

आझाद मैदानावरच्या आंदोलनानंतर ऑगस्ट २०२५ पासून पुढचा टप्पा देण्याचे ठरले. पेन्शनचा प्रश्न मात्र तसाच आहे. जुनी पेन्शन योजना १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेल्यांनाच आहे. पण या शिक्षकांची नेमणूक त्याआधी झाली असली, तरी त्या दिवशी शाळा शंभर टक्के अनुदानित नव्हती म्हणून जुनी पेन्शन लागू नाही, अशी शासनाची भूमिका. २००१ मध्ये पंचविशीत रुजू झालेला शिक्षक आज पन्नाशीच्या आसपास आहे आणि निवृत्तीचे वय ५८ आहे.