पेव (धान्यसाठवण)

पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंड बंद केलेले धान्याचे कोठार. सोलापूर आणि मराठवाड्यात शाळू (रब्बी ज्वारी) पेवात ठेवण्याची जुनी रीत आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे होती. त्यांतली बरीच 2005च्या महापुरात निकामी झाली.

पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट रांजणासारखे रुंद. जागा उंचवट्याची, पांढरीची (गावठाणातल्या पांढऱ्या मातीची) किंवा घट्ट मुरमाची हवी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पाणी धरते. तळाला व कडेने कडबा-भुसकट लावतात. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत ज्वारी वाळवतात (ओलावा 12 टक्क्यांच्या आत), गळ्यापर्यंत भरतात आणि वर भुसकट, फरशी, चिखल. आतला प्राणवायू संपला की सोंडे (धान्य पोखरणारे किडे) मरतात. त्याच कोंडलेल्या हवेने माणूसही दगावतो. म्हणून तोंड उघडून पेव बराच वेळ मोकळे ठेवतात, मग कंदील सोडून पाहतात. तो तेवत राहिला तरी कमरेला दोर आणि वर माणूस हवाच.

पेवाला भाडे नाही, पोती नाहीत, औषध नाही. खर्च लपलेला असतो तो भिंतीलगतच्या काळ्या पडलेल्या ज्वारीत. 2 मीटर व्यासाच्या पेवात कडेचा 5 सेंमी थर गेला तर सुमारे 10 टक्के माल जातो. 3 मीटर व्यासात तोच थर 7 टक्क्यांहून कमी. पेव लहान तितकी नासाडी जास्त, आणि 2 मीटर व्यास व तेवढ्याच खोलीच्या पेवालाही 40 क्विंटलांवर ज्वारी लागते. दहा-बारा क्विंटलवाल्याने भावकीत मिळून भरलेले बरे. पण त्यात अडचण अशी, की एकदा फोडलेले पेव पुरते रिकामे करावे लागते, नाहीतर ओल आणि कीड शिरते. एकाला लग्नासाठी पैसे लागले की सगळ्यांचा माल बाहेर येतो.

सुगीत न विकता आषाढ-श्रावणापर्यंत थांबणे परवडते का, हे कर्जावर ठरते. शेकडा 2 रुपये महिना व्याजाने सहा महिन्यांत 12 टक्के होतात. त्यात 10 टक्के नासाडी धरली, तर भाव सुमारे 25 टक्क्यांनी चढल्याशिवाय पदरात काही पडत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामातील ज्वारीवर 6 टक्के वार्षिक दराने कर्ज मिळते. पेवातला माल मोजता वा तपासता येत नाही, म्हणून तो तारण ठरत नाही. घरच्या खाण्यापुरत्या ज्वारीला मात्र हा हिशेब लागत नाही. तिथे पेव आजही स्वस्त पडते. बियाणे तेवढे वेगळे, राख मिसळून मडक्यात ठेवावे, कारण पेवातल्या दाण्याची उगवण घटते.