चेहरा कोरा, रक्तदाब समोरच्याचा

एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन स्त्रिया एका खोलीत बसल्या आहेत. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्यानंतरची दृश्यं असलेला माहितीपट त्यांनी नुकताच पाहिला आहे आणि आता त्यावर त्यांनी आपसात बोलायचं आहे. दोघींपैकी एकीला, दुसरीच्या नकळत, एक सूचना दिलेली आहे: मनात काय चाललंय याचा मागमूसही चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. बोलणं सुरू असताना दोघींच्या रक्तदाबाची नोंद होत राहते.

एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. भावना दाबून ठेवणाऱ्या बाईवर ताण येणार, हे कुणीही आधीच सांगितलं असतं. पण जिला कसलीच सूचना नव्हती, त्या समोरच्या बाईचाही रक्तदाब चढला. शिवाय त्या दोघींचं सूत जुळलं नाही. बोलणं झालं, पण ओळख पुढे सरकली नाही.

हा प्रयोग वाचल्यापासून 'ऑफिसमध्ये माणसानं स्वतःसारखं वागावं का' या प्रश्नाकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. एरवी आपण हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा, फार तर धाडसाचा मामला समजतो. कुणी मोकळा असतो, कुणी आतल्या गाठीचा, ज्याची त्याची मर्जी. पण वरिष्ठ आतल्या गाठीचा असेल तर? प्रयोगातल्या बाया समान पातळीवरच्या होत्या, त्यांना एकमेकींकडून काही नको होतं. इथे समोरच्या आठ-दहा जणांची वर्षभराची कामं, सुट्ट्या आणि पगारवाढ त्या एका कोऱ्या चेहऱ्यावर अवलंबून असते. मीटिंग संपल्यावर कॉरिडॉरमध्ये दबक्या आवाजात चर्चा होते ती कामाची नसते, 'साहेबांना आवडलं की नाही' याची असते. ताकास तूर लागू न देणं ही काही वेळा गरज असेलही. पण त्याचं बिल दुसरंच कुणीतरी भरतं, हे त्या साहेबांना कळायला हवं.

कामात स्वतःला पूर्ण ओतणं म्हणजे नेमकं काय, याचा शास्त्रशुद्ध विचार विल्यम कान यांनी १९९० साली मांडला. त्यांनी दोन अगदी वेगळ्या ठिकाणची माणसं अभ्यासली. एक होतं मुलांचं उन्हाळी शिबिर, दुसरी वास्तुरचनाकारांची फर्म. त्यांना असं दिसलं की 'मन लावून काम करणारा' आणि 'पाट्या टाकणारा' अशा माणसांच्या दोन जाती नसतात. तोच माणूस एका प्रसंगी जीव ओतून काम करतो आणि दुसऱ्या प्रसंगी फक्त शरीरानं हजर असतो. मनाशी तो नकळत तीन गोष्टी तपासत असतो. या कामात काही अर्थ आहे का? इथे मी मोकळा झालो तर ते माझ्यावर शेकणार तर नाही? आणि आज माझ्या अंगात तेवढं त्राण आहे का? पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर बोललं जातं. तिसरी मात्र सगळे विसरतात. रात्रभर आजारी मुलापाशी जागून कामावर आलेल्या माणसाला 'मनापासून हजर राहा' असं सांगण्यात काही अर्थ नाही. त्याला त्या दिवशी हलकं काम द्यावं.

आता या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज. 'मी असाच आहे, तोंडावर बोलतो, पटलं तर घ्या', असं म्हणत सहकाऱ्याचा सर्वांसमोर पाणउतारा करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपला फटकळपणा हाच आपला खरेपणा, असं ती धरून चालतात. विल्यम फ्लीसन या मानसशास्त्रज्ञानं माणसांना दिवसातून अनेकदा, सलग काही आठवडे, 'आत्ता तुम्ही कसे वागताय' याची नोंद करायला लावली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की एकाच माणसाचं वागणं पंधरवड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येतं. अबोल माणूस कधी तरी भरभरून बोलतो, शिस्तीचा माणूस कधी तरी ढिला पडतो. कायम राहते ती सरासरी. म्हणजे स्वभाव हा एक ठिपका नसून चांगला ऐसपैस पट्टा असतो, आणि त्यावर कुठे उभं राहायचं याला बराच वाव असतो.

याच फ्लीसननी जोशुआ विल्ट यांच्यासोबत २०१० मध्ये पुढचा प्रश्न विचारला: माणसाला 'आत्ता मी खरा मी आहे' असं केव्हा वाटतं? आपल्या स्वभावाला धरून वागताना, असं उत्तर कुणीही देईल. आकडे वेगळं सांगत होते. माणसं मोकळेपणानं, आपुलकीनं, नेटानं आणि शांतपणे वागत होती, तेव्हा त्यांना जास्त खरं वाटत होतं, मग त्यांचा एरवीचा स्वभाव कसाही असो. याचा अर्थ अबोल माणसानं बडबड करावी असा नाही. शिवाय खरं वाटणं ही शेवटी एक भावना आहे, पुरावा नाही. तरीही 'माझा स्वभावच तसा' ही सबब यानंतर टिकत नाही, असं मला ठामपणे वाटतं. चिडखोरपणा आवरल्यानं कुणाचं अस्सलपण हरवत नाही.

मग भूमिका निभावणं आणि सोंग करणं यांतला फरक कुठे? आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना तो दाखवून दिला. संतापलेला ग्राहक फोनवर ओरडतोय अशी कल्पना करा. ऐकणारी मुलगी आतून धुमसत असताना आवाजात उसनं हसू आणते, हा वरवरचा अभिनय. आणि 'याचे पैसे अडकलेत, रात्रभर झोपला नसेल' असा विचार करून ती स्वतःचा रागच आधी ओसरू देते, तेव्हा तिचा सौम्य आवाज आतून आलेला असतो. फोनवर दोन्ही आवाज सारखेच वाटू शकतील. पण नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत उसनं हसू थकव्याशी आणि कामावरून मन उडण्याशी जोडलेलं आढळलं. दुसऱ्या प्रकाराचा त्रास कमी दिसतो. थकवा भूमिकेचा नसतो, आत एक आणि बाहेर एक धरून ठेवण्याचा असतो.

हे धरून ठेवणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये 'झाकणं' या वर्तनाबद्दल लिहिलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्टही माणूस डोळ्यांत येऊ नये म्हणून आडोशाला ठेवतो. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं आहे. ते चाकांच्या खुर्चीवर असतात हे सल्लागारांना ठाऊक होतं, तरी सल्लागार आत येण्याआधीच ते टेबलामागे जाऊन बसलेले असत. देशाच्या अध्यक्षाला हे करावं लागत होतं. मग आपलं अपंगत्व, आजार, बोलण्याची ढब किंवा घरची गरिबी झाकत नोकरी टिकवणाऱ्या नव्या माणसाला 'स्वतःसारखा वाग की' असं वरून सांगणं सोपं आहे. किंमत मोजायची ती त्याला.

म्हणून सुरुवात वरच्यानं करावी, यावर मी ठाम आहे. पण कशी? एलियट आरॉनसन आणि सहकाऱ्यांचा १९६६ मधला प्रयोग इथे उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजूषेच्या निवड-फेरीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एका स्पर्धकाची ९२ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ३० टक्के. काही मुद्रणांत शेवटी खडबड ऐकू येत होती आणि त्या स्पर्धकानं स्वतःच्या अंगावर कॉफी सांडल्याचं कळत होतं. हुशार स्पर्धक कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. बेताचा स्पर्धक त्याच चुकीनं आणखी उतरला. आपल्या उणिवा उघड करणं हे कौशल्याच्या जागी चालत नाही, कौशल्याच्या सोबत चालतं. नव्या टीमसमोर पहिल्याच दिवशी शंकांचा पाढा वाचणारा प्रमुख प्रांजळ असेल, पण ऐकणारे धास्तावतात. काम येतं हे दिसलेला प्रमुख 'हे मला कळलं नाही, पुन्हा सांग' म्हणाला, की इतरांच्याही मनात अडकलेले प्रश्न बाहेर पडू लागतात.

आपण मोकळे आहोत की नाही, हे प्रमुखानं स्वतःला विचारून मात्र फारसं हाती लागत नाही. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं की आतली धाकधूक आपली आपल्यालाच नीट कळते, पण बुद्धी आणि कल्पकतेसारख्या, जिथे स्वतःबद्दल बरं वाटून घ्यायचा मोह असतो त्या गोष्टींत मित्रांचा अंदाज आपल्याहून सरस ठरतो. 'माझं दार सदैव उघडं असतं' हे वाक्य याच जातीचं आहे, असं मला वाटतं. दारातून किती जण आत आले, हे मोजावं.

एमी एडमंडसन रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. एकोप्यानं काम करणाऱ्या वॉर्डमध्ये चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. १९९६ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत उलटंच चित्र होतं: चांगल्या वॉर्डमधल्या नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. बाकीच्या ठिकाणी त्या कागदावर येतच नव्हत्या, कारण सांगणाऱ्याचं काय होईल याची धास्ती होती. चुकीचा डोस गेलाय हे सांगायला आलेली नर्स पहिलं वाक्य तोंडातून काढण्याआधी क्षणभर थांबते, आणि त्या क्षणी ती समोरच्या प्रमुखाच्या चेहऱ्याकडे बघत असते.