व्यूहात्मक उद्योजकता

नव्या संधी हेरणारी उद्योजकता आणि मिळवलेले स्पर्धात्मक वर्चस्व टिकवणारी व्यूहनीती (स्ट्रॅटेजी) यांची एकाच उद्योगसंस्थेत सांगड घालण्यासंबंधीची व्यवस्थापनशास्त्रीय संकल्पना. या सांगडीतून उद्योजक, संस्था आणि समाज या तिघांसाठी मूल्य निर्माण होते, असे तिचे पुरस्कर्ते मानतात.

संकल्पनेचा आरंभ केव्हा मानावा याविषयी एकमत नाही. सामान्यतः २००१ हे वर्ष धरले जाते. त्या वर्षी मायकेल हिट, ड्यूएन आयर्लंड, मायकेल कॅम्प व डोनाल्ड सेक्स्टन यांनी ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल’चा या विषयावरील विशेषांक संपादित केला. तथापि हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ मध्येच व्यूहनीती ठरवण्याच्या तीन रीतींपैकी एकीला ‘उद्योजकीय’ म्हटले होते, आणि १९८३ मध्ये डॅनी मिलर यांनी नवप्रवर्तन (नवी उत्पादने वा पद्धती आणणे), जोखीम पत्करणे व पुढाकार ही उद्योजकीय संस्थेची लक्षणे सांगितली होती. काही अभ्यासक तर मूळ योझेफ शुंपेटर (१९११) किंवा एडिथ पेनरोज (१९५९) यांच्यापर्यंत नेतात. मिंट्झबर्ग यांचा भर निर्णय कोण व कसे घेतो यावर होता, मिलर यांचा संस्थेच्या स्वभावावर. घटक जुने असले, तरी संधी शोधणे आणि वर्चस्व टिकवणे यांना एकाच प्रक्रियेची दोन अंगे मानणारी मांडणी २००१ च्या सुमाराची म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. आयर्लंड, हिट व डेव्हिड सर्मन यांनी २००३ मध्ये तिचे प्रारूप दिले. त्यात उद्योजकीय मनोवृत्ती, तिला पोषक संस्कृती व नेतृत्व, संसाधनांचे व्यूहात्मक व्यवस्थापन आणि सर्जनशीलतेतून नवप्रवर्तन असे चार घटक आहेत. २००७ पासून या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिकही निघते.

व्यवहारात ही दोन्ही अंगे एकाच भांडवलावर आणि त्याच माणसांच्या वेळेवर हक्क सांगतात. जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये शोध (नव्या शक्यता धुंडाळणे) व उपयोजन (हाती असलेल्याचा पुरेपूर वापर) यांतील हा ताण स्पष्ट केला : उपयोजनाचे फळ लवकर व खात्रीने मिळते, म्हणून संस्था तिकडे झुकतात. त्यावर शोधकार्यासाठी वेगळा विभाग ठेवणे हा एक उपाय, एकाच विभागात आलटून पालटून दोन्ही कामे करणे हा दुसरा.

एक अंग दुबळे राहिल्यास काय होते, हे ब्रिटनमधील ईएमआय कंपनीच्या सीटी स्कॅनरवरून दिसते. तेथील अभियंता गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये प्रथम रुग्णाची तपासणी झाली; १९७९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीचे व देखभालीचे जाळे ईएमआयकडे नव्हते. जनरल इलेक्ट्रिकसारख्या प्रतिस्पर्ध्यांकडे ते होते. परिणामी काही वर्षांतच ईएमआय या व्यवसायातून बाहेर पडली. रुग्णांना यंत्राचा लाभ होतच राहिला, हे मात्र ‘अपयश’ म्हणून हे उदाहरण देणारे सहसा नोंदवत नाहीत.

समाजाच्या वाट्याला येणाऱ्या मूल्याचे मोजमाप त्या मानाने थोडे झाले आहे. विल्यम नॉर्डहाउस यांच्या २००४ मधील अंदाजानुसार, १९४८–२००१ या काळात अमेरिकेत तांत्रिक नवप्रवर्तनाच्या एकूण सामाजिक लाभापैकी सुमारे २.२ टक्के भागच नवप्रवर्तकांच्या हाती राहिला. उरलेला बहुतांशी ग्राहकांकडे गेला. मात्र प्रत्येक उद्योजकता समाजहिताची नसते. विल्यम बॉमोल यांनी १९९० मध्ये उत्पादक, अनुत्पादक व विघातक असे तिचे प्रकार केले असून, उद्योजक कोणत्या प्रकाराकडे वळतील हे समाजातील नियम कशाला मोबदला देतात यावर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.